नैरोबी, दार-ए-सलाम की लागोस? राहायच्या दृष्टीने पुढे नेमकं कोण?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, पुण्यात पंप बनवणाऱ्या एका कंपनीत सर्व्हिस विभागात काम करतो. कंपनी तीन वर्षांसाठी आफ्रिकेत पाठवतेय आणि तीन शहरांतून एक निवडायची मुभा आहे: नैरोबी (केनिया), दार-ए-सलाम (टांझानिया), लागोस (नायजेरिया). पंधरा दिवसांत कळवायचंय. बरोबर बायको आणि सहा वर्षांची मुलगी येणार.

गेला आठवडाभर रात्री जागून व्हिडिओ बघतोय. नैरोबीचा 27 किलोमीटरचा एक्स्प्रेस-वे बघितला, लागोसची ब्लू लाइन ही शहरातली रेल्वे बघितली, दार-ए-सलामहून राजधानी डोडोमाला जाणारी विजेची रेल्वे बघितली. जो व्हिडिओ शेवटी बघतो तेच शहर सगळ्यांत पुढे वाटायला लागतं. खाली कॉमेंटमध्ये तिन्हीकडची माणसं एकमेकांशी भांडत असतात, कुणाचा पूल लांब आणि कुणाच्या इमारती उंच यावरून. माझ्या हाती त्यातून काही लागत नाही.

वीज, पाणी, रस्ता, रोजचं जाणं-येणं यात कुठलं शहर खरंच पुढे आहे, हे तिथे संसार केलेल्या माणसांनी सांगावं. ड्रोनमधून दिसतं ते नको, जमिनीवरचं सांगा.

---

उपांगाची_ताई

मी दार-ए-सलामला नऊ वर्षं आहे, उपांगा भागात. उबुंगोकडच्या एका शाळेत शिकवते. रोज 'फायर' नावाच्या थांब्यावरून म्वेंडोकासी पकडते. म्वेंडोकासी म्हणजे इथली बीआरटी, 2016 मध्ये सुरू झाली, पहिला टप्पा जवळपास 21 किलोमीटरचा. पुण्यातल्या बीआरटीवरून अंदाज बांधू नका. इथे रस्त्याच्या मधोमध वेगळी मार्गिका आहे, फलाट बसच्या दाराच्या उंचीला आहे, आणि मोरोगोरो रोडवर गाड्या तुंबलेल्या असताना आमची बस शेजारून निघून जाते. पूर्वी डालाडालाने, म्हणजे इथल्या खाजगी मिनीबसने, मला दीड तास लागायचा. आता बस वेळेवर मिळाली तर वीस-पंचवीस मिनिटं.

मिळाली तर, हे मुद्दाम लिहिते. सकाळी गर्दीच्या वेळी कधी कधी पाऊण तास उभं राहावं लागतं, कारण बस बिघडून डेपोत पडतात आणि त्या जागी दुसऱ्या लवकर येत नाहीत. आणि फायरच्या पुढचाच थांबा जांगवानी. तिथे म्सिम्बाझी नदीचा सखल भाग आहे. मार्च-एप्रिलच्या मोठ्या पावसात नदी रस्त्यावर येते, पोलीस रस्ता बंद करतात आणि आख्खी बीआरटी तिथे दुभंगते. बसचा मुख्य डेपोही त्याच सखल भागात बांधला, तोही पाण्याखाली गेलाय. अशा दिवशी मी समुद्राकडच्या टांझानाइट पुलावरून लांबचा वळसा घालून बजाजीने जाते. आपली ती तीनचाकी रिक्षा, तिला इथे सगळे 'बजाजी'च म्हणतात, मग ती कुठल्याही कंपनीची असो. आकुर्डीजवळ वाढलेल्या मला पहिल्या दिवशी तो शब्द ऐकून भरून आलं होतं.

डोडोमाच्या रेल्वेबद्दल मात्र मनापासून चांगलं सांगते. 2024 मध्ये सुरू झाली. पूर्वी बसने उजाडताच निघालो तर पोचायला दुपार टळायची, आता साडेतीन-चार तासांत पोचतो. वर्गातल्या दोन मुलींच्या आज्या डोडोमाकडच्या आहेत. त्या मुली आता महिन्यातून एकदा आजीकडे जाऊन येतात.

---

डीजीवाला

कृष्णाकाठचे दादा, मी मिरजेचा. आयटीआय डिझेल मेकॅनिक. दारमध्ये, म्हणजे दार-ए-सलामला, तीन वर्षं, लागोसमध्ये 2019 ते 2022 आणि त्यानंतर आजपर्यंत नैरोबीत. तिन्हीकडे कामाची गाडी हाकली आहे, तिन्हीकडे घरभाडं भरलंय. काम एकच, डिझेल जनरेटरची सर्व्हिस. त्यामुळे मी शहर कसं मोजतो ते सांगतो.

प्रत्येक डीजीवर एक अवर मीटर असतो. मशीन किती तास चाललं ते त्यावर पडतं आणि तो मागे फिरत नाही. माझ्याकडे वह्या आहेत, एका मशीनला एक पान, दर भेटीचा आकडा. आमच्या धंद्यात 250 तासांना किंवा वर्षाला, जे आधी होईल तेव्हा, ऑइल आणि फिल्टर बदलतात.

लागोसला इकेजामध्ये एका सोसायटीचे दोन सेट माझ्याकडे होते, 150 केव्हीएचे. आलटून-पालटून चालायचे, एकेक दिवसाला सरासरी 12 तास. म्हणजे दर एकवीस दिवसांनी प्रत्येकाचं ऑइल. लाइन यायची ती पाहुण्यासारखी. आली की सगळ्या इमारतीतली पोरं एकदम 'अप नेपा!' म्हणून ओरडायची. नेपा हे जुन्या वीज मंडळाचं नाव, ते मंडळ कधीच मोडलं, पण पोरांच्या तोंडात नाव राहिलंय. नायजेरियाच्या ग्रिडवर 4,000 ते 5,000 मेगावॉट असतात, आणि लोकसंख्या 20 कोटींच्या वर. आपल्या एकट्या महाराष्ट्राची उन्हाळ्यातली मागणी 25,000 च्या पुढे जाते. यावरून काय ते समजा. 2022 ला डिझेल भडकलं तेव्हा त्या सोसायटीने रात्री 12 ते 5 सेट बंद ठेवायचा ठराव केला. मी तिथेच राहायचो. रात्री उकाड्यात गॅलरीत बसलेली म्हातारी माणसं अजून डोळ्यांसमोर आहेत.

नैरोबीला अपर हिलमधल्या एका ऑफिस इमारतीचा 200 केव्हीएचा सेट बघतो. गेल्या पूर्ण वर्षात तो 61 तास चालला. तिथे ऑइल तासांनी बदलत नाही, वर्ष संपलं म्हणून बदलतो. केनियाची बरीच वीज नैवाशाजवळच्या ओल्कारियात जमिनीखालच्या वाफेवर होते, त्यामुळे पाऊस कमी पडला तरी एकदम कोसळत नाही. लाइट जाते, नाही असं नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये एका रात्री जवळजवळ सगळा देश अंधारात गेला, विमानतळावरसुद्धा अंधार. त्या रात्री मी चार इमारती फिरलो, कारण वर्षभर न चाललेल्या सेटची बॅटरी नेमकी अशा वेळी बसते. पण वहीत बघा, त्या वर्षाचे निम्मे तास अशा दोन-तीन मोठ्या घटनांचे आहेत.

दार या दोघांच्या मध्ये. मी होतो तेव्हा आठवड्याला पाच-सहा तास सहज पडायचे. 2023 च्या शेवटी तर पाळीपाळीने वीज कापत होते. त्यानंतर रुफिजी नदीवरचं धरण चालू झालं, 2,115 मेगावॉटचं, नऊ टर्बाइनचं. तिथला माझा जुना जोडीदार म्हणतो की आता सर्व्हिसचे फोन कमी झाले, धंदा बसला. धंदा बसला हे ऐकून मला मनापासून आनंद झाला.

आता रस्त्याचं. नैरोबीचा एक्स्प्रेस-वे 2022 पासून चालू आहे, टोल भरा आणि म्लोलोंगोहून वेस्टलँड्सला सुसाट या. मी वापरतो, कामाला बरा आहे. पण सकाळी सहाला त्याच्या खालून जा. किबेराच्या झोपडपट्टीकडून इंडस्ट्रियल एरियाकडे हजारो माणसं पायी चाललेली असतात, अंधारात, एका रांगेत, कारण मटाटूचं, म्हणजे खाजगी मिनीबसचं, भाडंसुद्धा रोज परवडत नाही. माझ्या हाताखालचा पोरगा त्यांतलाच, जाऊन-येऊन 14 किलोमीटर. पावसात बूट हातात घेऊन येतो. या माणसांना सलग फूटपाथ मिळाला असता तर पुलापेक्षा जास्त लोकांचं भलं झालं असतं, हे मला रोज वाटतं.

लागोसची ब्लू लाइन 2023 ला सुरू झाली, मरीना ते माइल टू, 13 किलोमीटर, पाच स्टेशनं. मी राहायला असताना ती नव्हती. पुढे एका कामासाठी गेलो तेव्हा मुद्दाम बसलो, काउरी कार्ड, म्हणजे तिकिटाचं कार्ड, घेऊन. अर्ध्या तासाच्या आत पोचलो. ज्याने तिथला जाम बघितलाय त्यालाच त्या अर्ध्या तासाची किंमत कळेल. थर्ड मेनलँड पूल जवळपास 12 किलोमीटर लांब आहे, आणि त्यावर मी एकदा पावणेतीन तास काढलेत. लागोसची माणसं हुशार, कष्टाळू आणि जीव लावणारी आहेत, त्यांना याहून कितीतरी चांगलं शहर मिळायला हवं. आपापली वीज, आपापली बोअर, आपापला चौकीदार, असं प्रत्येक घराला स्वतःपुरतं शहर उभं करावं लागतं. त्यात पगाराचा मोठा भाग जातो. ब्लू लाइनच्या व्हिडिओत तो खर्च कसा दिसणार?

---

बोलेहून

प्रश्नात इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा नाही, तरी डीजीवाले दादांच्या मुद्द्याला जोडून लिहिते. मी इथे सहा वर्षं आहे, नवरा कापड गिरणीत. अदिसची लाइट रेल 2015 ची, 34 किलोमीटर, दोन मार्ग, 41 गाड्या. त्या वेळी पूर्व आफ्रिकेत कुणाकडेच असं काही नव्हतं. तिकीट अगदी स्वस्त ठेवलं, ते गोरगरिबांसाठी चांगलंच होतं. पण त्या तिकिटातून दुरुस्तीचा पैसा निघेना, सुटे भाग बाहेरून आणायचे तर डॉलर हवेत, आणि देशात डॉलरचाच तुटवडा. मग एकेक गाडी उभी राहत गेली. मी आले तेव्हा दहा-पंधरा मिनिटांना गाडी असायची, पुढे पुढे अर्धा तास थांबले आहे. शहराचे रस्ते मात्र गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखू येणार नाहीत इतके बदललेत, रुंद फूटपाथ, सायकलची वाट, दिवे. त्यासाठी पियासासारखा जुना भाग पाडला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईचं घर तिथे होतं, तिला शहराच्या कडेला घर मिळालं आणि आता तिचे दोन तास प्रवासातच जातात.

---

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. कुठल्याच व्हिडिओत यातलं काही नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. मुलीला धुराने दम लागतो, पुण्यात दिवाळीत दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं. डीजीवाले दादा, सोसायटीतल्या जनरेटरच्या धुराचं काय? आणि पाण्याबद्दल कुणीच फारसं लिहिलं नाही. मी पंपवाला, मला तेच आधी विचारायला हवं होतं.

---

डीजीवाला

दादा, मुलीला दम लागतो तर लागोस नको. मला तिथली माणसं आवडतात तरी सांगतो. आता छपरांवर सोलर आणि बॅटऱ्या भराभर बसतायत, पण गल्लीत एका घराने सोलर बसवलं म्हणून शेजारच्या नऊ घरांचे सेट थांबत नाहीत. एक्झॉस्ट बऱ्याच ठिकाणी शेजाऱ्याच्या खिडकीच्या उंचीला सोडलेला असतो. मी कित्येकांना पाइप छपराच्या वर न्या म्हणून सांगितलं, दोघांनीच ऐकलं.

पाणी नैरोबीतही कमी पडतं. न्डाकाइनी धरणातून येतं आणि बऱ्याच भागांत वारावर येतं, किलिमानीला माझ्याकडे आठवड्यातून दोन दिवस. बाकीचे दिवस इमारतीची बोअर नाहीतर बाउझर, म्हणजे टँकर. नैरोबीच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. मुलगी सहा वर्षांची, पक्के दात आता येतील. प्यायला बोअरचं पाणी साधं उकळून देऊ नका, उकळून फ्लोराइड जात नाही. आरओ बसवा किंवा बाटलीबंद पाणी घ्या. दारचं उपांगाच्या ताई सांगतील, माझी माहिती जुनी झाली.

थंडीचंही बघा. नैरोबी सुमारे 1,700 मीटर उंचीवर आहे, जून-जुलैत स्वेटर लागतो. दम्याला कुणाला ते सोसतं, कुणाला नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

कंपनीला आत्ताच तीन गोष्टी लिहून विचारा: घर कुठल्या भागात देणार, टाकी किती लिटरची आहे, आणि डीजी इमारतीच्या कुठल्या बाजूला आहे. नैरोबी ठरलं तर फ्लॅटची सही करायच्या आधी मला कळवा. मी रविवारी मोकळा असतो. वर जाऊन टाकी बघू, खाली येऊन अवर मीटर बघू. दोन्ही बघायला अर्धा तास लागतो.

---

उपांगाची_ताई

पाण्याचं लिहायचं राहिलंच. दारमध्ये रुवू नदीचं पाणी येतं, उपांगात बऱ्यापैकी रोज. पाऊस लांबला की मात्र दोन-तीन दिवस नळ कोरडा. आमच्या इमारतीला जमिनीत 20,000 लिटरची टाकी आहे आणि तिचा पंप दर पावसाळ्यात बंद पडतो. तुम्ही इथे आलात तर आधी तो बघायला या, जेवण माझ्याकडे.