विषय: मुलांचा संधिवात, संशोधनाची फेलोशिप आणि जे-१ व्हिसा

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत पीडियाट्रिक्स (बालरोग) रेसिडेन्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एमबीबीएस नागपूरचं. गेल्या हिवाळ्यात वॉर्डात पाच वर्षांची मुलगी होती, तीन आठवडे रोज संध्याकाळी ताप. आम्ही सगळे संसर्ग शोधत होतो. ऱ्हुमॅटॉलॉजीच्या (संधिवात विभागाच्या) मॅडम मुद्दाम ताप चढायच्या वेळी आल्या आणि पोटावरचं फिकट गुलाबी पुरळ दाखवलं. ताप उतरला की तेही नाहीसं व्हायचं. तो संसर्ग नव्हता, मुलांचा संधिवात होता. तेव्हापासून मला हेच करायचं आहे, आणि संशोधनासकट.

पुढच्या महिन्यात फेलोशिपच्या (रेसिडेन्सीनंतरच्या विशेष प्रशिक्षणाच्या) मुलाखती आहेत. काही ठिकाणी 'टी-३२ ट्रेनिंग ग्रँट' आहे म्हणतात. मी जे-१वर (प्रशिक्षणासाठी आलेल्या परदेशी डॉक्टरांच्या व्हिसावर) आहे. मला त्याचा उपयोग होईल का?

– के.

---

प्रिय के.,

मी मोठ्यांचा संधिवात बघते. माझी संशोधनाची दोन वर्षं टी-३२वरच झाली, म्हणून लिहिते आहे. कडू गोष्ट आधी सांगते: तो पैसा तुला मिळणार नाही. एनआयएचचं (अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेचं) हे अनुदान विभागाला मिळतं आणि विभाग त्यातून फेलो निवडतो, पण फेलो अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला लागतो. माझं कार्ड तेव्हा हातात होतं. माझ्या बरोबरीच्या, माझ्याहून हुशार मुलीचं नव्हतं. ते मला आजही टोचतं. पुढची के-०८ (प्रयोगशाळेसाठी) आणि के-२३ (रुग्णांवरच्या संशोधनासाठी) ही अनुदानं ७५ टक्के वेळ संशोधनाला राखून देतात, पण त्यांनाही तीच अट आहे.

पण तेवढ्यासाठी फेलोशिपची जागा सोडू नकोस. मुलांची फेलोशिप ३ वर्षांची (आमची २), आणि संशोधन त्या प्रशिक्षणाचाच भाग आहे. दरवर्षी काही जागा रिकाम्या राहतात, त्यांना तू हवा आहेस. मुलाखतीत सरळ विचार: दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जे-१वाल्या फेलोचा पगार कुठून येतो? आठवड्यातले किती दिवस खरोखर मोकळे मिळतात? विभागातल्या मागच्या जे-१ फेलोचं पुढे काय झालं? तिसऱ्या प्रश्नावर चाचरले, तर समजून घे.

खरी अडचण फेलोशिप संपल्यावर येते. रेसिडेन्सीची ३ आणि फेलोशिपची ३ मिळून ६ वर्षं, जे-१च्या कमाल ७ वर्षांत बसतात. मग व्हिसाच्या अटीप्रमाणे २ वर्षं मायदेशी जा, नाहीतर त्या अटीतून सवलत घे. बहुतेक जण कॉनराड योजनेतून घेतात: डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात ३ वर्षं पूर्णवेळ रुग्णसेवा. काम मोलाचं आहे, पण संशोधनाचा धागा नेमका तिथे तुटतो. दर राज्याच्या ३० जागांपैकी १० पर्यंत जागा टंचाईच्या भागाबाहेरच्या, पण तिथले रुग्ण बघणाऱ्या संस्थांना देता येतात. मोठ्या बालरुग्णालयाने त्यातून कुणाला घेतलं आहे का, हे मुलाखतीतच विचार.

आणि परत जाण्याची २ वर्षं वाया गेली असं धरून चालू नकोस. १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रांनी पुण्याजवळच्या भिगवणला घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. खेड्यातल्या सांधेदुखीबद्दल आपण आज जे बोलतो, त्यातलं बरंचसं तिथून आलं आहे. मुलांच्या बाबतीत असं काम अजून कितीतरी व्हायला हवं.

– शनिवारी फोन कर. काकू

---

नमस्कार,

मध्येच बोलते. माझ्या मुलीला चौथ्या वर्षी गुडघ्याचा संधिवात निघाला. डोळ्यांत वेदना नाही, लाली नाही, तरी दर तीन महिन्यांनी ते तपासायला लावायचे. मला वाटायचं, कशाला एवढं? तिसऱ्या तपासणीत डोळ्यांत सूज सापडली. आज ती चष्म्याशिवाय वाचते. संधिवात असलेल्या एवढ्या लहान मुलांचे डोळे लक्षण नसतानाही तपासायचे, हे कुणीतरी वर्षानुवर्षं नोंदी ठेवून शोधलं असेल. आमचे डॉक्टर गाडीने तीन तासांवर आहेत, जवळ कुणी नाही. के., तू हे क्षेत्र सोडू नकोस.

– व.

---

काकू, व. ताई,

तिन्ही प्रश्न वहीत उतरवले आहेत. चौथा माझा: तुमच्याकडे संशोधन करून भारतात परतलेला फेलो कोण, आणि त्याच्याबरोबर अजून काम चालू आहे का? शनिवारी सकाळी १० ला फोन करतो.

– के.