पाठीचे वरचे मणके क्वचितच का निखळतात
मानेच्या तुलनेत पाठीचे वरचे मणके क्वचितच का निखळतात, या प्रश्नाबाबत थोडे सांगतो. छातीमागच्या १२ मणक्यांना बरगड्या आणि उरोस्थी (छातीच्या मधले हाड) यांच्या पिंजऱ्याचा आधार असल्यामुळे ते जागचे सरकण्यासाठी उंचावरून पडणे किंवा वेगातील वाहनाचा अपघात, असा फार मोठा आघात लागतो. मात्र तिथली मज्जारज्जूची (कण्यातून जाणाऱ्या मुख्य नसांच्या दोरीची) पोकळी अरुंद असल्याने मणका सरकलाच, तर पायांतील बळ आणि संवेदना पूर्णपणे जाण्याचा धोका मोठा असतो. साध्या एक्स-रेमध्ये खांद्यांच्या सावलीमुळे हे मणके नीट दिसत नाहीत, म्हणून सीटी स्कॅन आवश्यक ठरतो. जखमीला हातपाय धरून रिक्षात घालणे मला सर्वांत भयावह वाटते. १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत, जागा सुरक्षित असल्यास, त्याला मुळीच हलवू नये.