मातीकामाची सामायिक कार्यशाळा आणि विक्रीदालन: खर्च आणि जबाबदारी कशी वाटावी?

प्रश्न (पुणे):
नमस्कार. आम्ही पाच जण मातीकाम करतो. चौघांची चाके घरच्या गच्चीत किंवा बाल्कनीत आहेत आणि भाजणीसाठी सगळे पाचव्या मैत्रिणीच्या छोट्या विजेच्या भट्टीवर अवलंबून आहोत. कच्ची भांडी रिक्षातून तिच्या घरी नेताना दर वेळी दोन-चार कपांचे कान तुटतात. आता धायरीच्या बाजूला सुमारे १,२०० चौरस फुटांचा औद्योगिक गाळा भाड्याने मिळत आहे. मागे कार्यशाळा आणि रस्त्याकडच्या भागात लहानसे दालन करावे, असा विचार आहे. आमच्यापैकी दोघींचे पोट याच कामावर चालते आणि उरलेले तिघे नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी चाकावर बसतात, त्यामुळे सगळा खर्च सारखा वाटणे मला न्याय्य वाटत नाही. नोंदणी कोणत्या स्वरूपात करावी आणि दालनात बाहेरच्या कलाकारांचे काम ठेवावे का, याबद्दलही अनुभवी लोकांनी सांगावे.

उत्तर १ (नाशिक):
आमची चौघांची कार्यशाळा सहा वर्षे चालू आहे. आमच्यात जे काही मतभेद झाले, ते जवळजवळ सगळे भट्टीवरून झाले. म्हणून भाड्याच्या आधी भट्टीचे ठरवा.

करारावर सही करण्यापूर्वी गाळ्याचा मंजूर वीजभार पाहा. दोनशे लिटरच्या आसपासच्या विजेच्या भट्टीला साधारण १२ ते १५ किलोवॅट आणि थ्री फेज जोडणी लागते. भार वाढवून घेण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात, तेव्हा तो खर्च मालकाने करायचा की तुम्ही, हे करारात लिहून घ्या.

दुसरे म्हणजे, सगळ्यांनी मिळून एकच तापमान ठरवा. कुंभाराची लाल माती साधारण ९०० ते १,००० अंश सेल्सियसला पक्की होते आणि स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजायच्या टणक भांड्यांची, भाजणी १,२०० अंशांच्या वर जाते. आमच्याकडे एकदा लाल मातीची एक वाटी स्टोनवेअरच्या भाजणीत चुकून गेली, ती वितळून फळीवर पसरली आणि तिच्याबरोबर एका सहकाऱ्याची आठवडाभराची भांडी गेली. त्यानंतर मातीच्या प्रत्येक पिशवीवर आणि कच्च्या भांड्यांच्या प्रत्येक फळीवर तापमान लिहिण्याचा नियम केला. पावसाळ्यात भांडी वरून कोरडी दिसली तरी आतून ओली असतात. भट्टी शंभर अंशांच्या पुढे गेली की आतल्या पाण्याची वाफ होऊन भांडे फुटते आणि त्याचे तुकडे दुसऱ्याच्या कामावर पडतात. असे नुकसान कोणी सोसायचे, हे मैत्रीवर न सोडता आधीच कागदावर आणा.

खर्चाचे म्हणाल तर भाडे आम्ही जागेप्रमाणे वाटतो, म्हणजे ज्याची जितकी मांडणी त्याचे तितके भाडे. भट्टीला वेगळे सबमीटर लावले आहे. प्रत्येक भाजणीचे युनिट, ज्याने भट्टीतली जितकी फळी व्यापली त्या प्रमाणात विभागले जातात. त्यावर थोडी रक्कम भट्टी तापवणाऱ्या तारांच्या दुरुस्तीसाठी बाजूला पडते, कारण तारा झिजतातच आणि त्या बदलण्याची वेळ येते तेव्हा कोणाच्याच खिशात पैसे नसतात. या पद्धतीत तुमच्या दोघी जास्त भाजतील आणि जास्त देतील, सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्यांवर त्यांचा भार पडणार नाही.

उत्तर २ (मुंबई):
नोंदणीबद्दल एवढेच सांगतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली संस्था काढायला वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा सभासद लागतात, म्हणजे पाच जणांना तो मार्ग खुला नाही. साध्या भागीदारीत एकाने व्यवसायासाठी काढलेल्या कर्जाची झळ सगळ्यांच्या मालमत्तेला पोहोचू शकते. मला मर्यादित दायित्व भागीदारी (एलएलपी) बरी वाटते, तिच्यात प्रत्येकाची जबाबदारी साधारणपणे त्याने घातलेल्या पैशांपुरती राहते. पण एखाद्या सनदी लेखापालाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

भट्टी वाटून घेणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही, हेही लक्षात असू द्या. धारावीच्या कुंभारवाड्यात शेजारची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या सामायिक भट्ट्यांत भाजतात. तिथे एक दिवस बसून पाळ्या कशा ठरतात ते विचारा, खूप शिकायला मिळेल.

उत्तर ३ (पुणे):
दालनाचा हिशेब कार्यशाळेपासून पूर्ण वेगळा ठेवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. बाहेरच्यांचे काम अवश्य घ्या, कारण पाच जणांच्या कामावर दालन वर्षभर ताजे राहत नाही. मात्र विक्रीनंतर किती दिवसांत पैसे द्यायचे आणि ठेवलेले भांडे फुटले तर भरपाई कोण देणार, हे प्रत्येक कलाकाराशी लेखी ठरवा. मी स्वतः एका दालनात ठेवलेल्या अकरा भांड्यांचे पैसे मिळवायला चौदा महिने घालवले आहेत.

आणखी एक काळजी घ्या. कार्यशाळेत झाडू मारू नका. वाळलेल्या मातीच्या बारीक धुळीत सिलिका असते, ती वर्षानुवर्षे श्वासात गेली तर फुप्फुसे कायमची निकामी होतात. फरशी ओल्या फडक्याने पुसा आणि दालनाच्या बाजूला पक्की भिंत घ्या, काचेचा पडदा पुरत नाही. सिंकखाली गाळ साठण्याची टाकी बसवली नाहीत, तर इमारतीचे सांडपाणी तुंबेल आणि शेजारचे गाळेधारक पहिल्याच महिन्यात तक्रार करतील.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. गाळामालकांना आज विचारले, मंजूर भार अवघा पाच किलोवॅट आहे. वाढीव भाराचा खर्च ते अर्धा उचलायला तयार आहेत, पण करार तीन वर्षांचा हवा म्हणतात. रविवारी आम्ही पाच जण भेटून तापमान आणि भाजणीच्या पाळ्या ठरवणार आहोत आणि मगच त्यांना होकार कळवू.