काढलेलं दूध वाया जाऊ नये म्हणून ॲप, उपकरणं, हिशोबाची पद्धत : सल्ला हवा आहे

पहाटजाग :

नमस्कार मंडळी. बाळ साडेचार महिन्यांचं आहे आणि तीन आठवड्यांनी मला कामावर रुजू व्हायचंय. सध्या सगळं अंगावरच चालू आहे. पहाटे आणि रात्री पंपाने दूध काढून फ्रीझरमध्ये ठेवते. सवय व्हावी म्हणून दुपारची एक बाटली नवरा किंवा सासूबाई पाजतात.

बाटली मुलगा घेतो, त्याची काळजी नाही. काळजी उरलेल्या दुधाची आहे. १५० मिली भरून दिलं की कधी ९० पितो, कधी ११०, आणि बाकीचं ओतून द्यावं लागतं. परवा फ्रिजच्या मागच्या कप्प्यात एक बाटली सापडली, तिच्यावर तारीखच नव्हती. कुणी कधी ठेवली हे तिघांपैकी कुणालाच आठवेना, म्हणून तीही ओतली. पहाटे चारला उठून काढलेलं दूध सिंकमधून जाताना बघून मला रडू आलं. सासूबाईंनी जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "आपण याचा नीट हिशोब ठेवू गं."

तो हिशोब कसा ठेवायचा हेच विचारायला आलेय. तिघांना आपापल्या फोनवरून लिहिता येईल असं ॲप कुठलं? सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा सोपं हवं. मी नऊ तास बाहेर असेन, तेवढ्यासाठी किती दूध ठेवून जायचं? आणि बाळाचा ब्लूटूथ वजनकाटा, पावडरचं दूध आपोआप कालवून देणारं मशीन, यांतलं खरोखर घेण्यासारखं काही आहे का? गरज पडली तर एखादी बाटली पावडरच्या दुधाची द्या, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

निळी_वही :

ॲप कुठलंही घ्या, आधी त्यात काय लिहायचं ते ठरवा. बहुतेक जण "किती प्यायला" एवढंच लिहितात. दूध वाचवायचं असेल तर "किती भरलं" आणि "किती उरलं" हे दोन रकाने हवेत. मला हे दुसऱ्या बाळाच्या वेळी कळलं. पहिल्याच्या वेळी तीन महिने नोंदी ठेवल्या होत्या आणि त्यातून उरलेल्या दुधाचा काहीच पत्ता लागत नव्हता.

आठ-दहा बाटल्यांची नोंद झाली की प्यायलेले आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि मधला बघा. सरासरी काढू नका. नाक चोंदल्यामुळे एक दिवस २० मिलीच प्यायला, तर तेवढ्याने सरासरी खाली येते, मधला आकडा जागचा हलत नाही.

आता तुमचे नऊ तास. फक्त आईच्या दुधावर असलेलं बाळ एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिली पितं आणि वय वाढलं म्हणून हा आकडा फारसा वाढत नाही. पावडरच्या दुधाचा हिशोब वजनावर असतो, किलोमागे दिवसाला १५० मिलीच्या आसपास. तो हिशोब आईच्या दुधाला लावला की सात किलोच्या बाळाला हजाराच्या वर आकडा येतो आणि बाटल्या उगाच मोठ्या भरल्या जातात. तुमची १५० ची बाटली बहुधा तिथूनच आली असेल. ८०० ला २४ ने भागा, तासाला ३० मिलीच्या जरा वर येतं. नऊ तासांना ३०० धरा. १०० च्या तीन बाटल्या, आणि जोडीला ३० मिलीच्या दोन पिशव्या राखीव. बाटली संपवूनही भूक दिसली तरच राखीव पिशवी काढायची.

म्हणून आजपासूनच फ्रीझरमध्ये ६० च्या पिशव्या भरा, काही ३० च्या. १५० ची पिशवी वितळवली की ती परत गोठवता येत नाही आणि मग ती संपवायची घाई होते.

आणखी एक. बाळाने तोंड लावलेलं आईचं दूध लगेच ओतू नका. पाजणं संपल्यापासून दोन तासांच्या आत तेच पुन्हा देता येतं. डुलकी काढून उठला की बरेचदा उरलेलं पितो.

दुपारचा_पाळणा :

मी बाबा आहे. मुलगी पाच महिन्यांची असल्यापासून दिवसा तिला मीच सांभाळलं, तेव्हा बाटलीच्या बाजूने लिहितो.

आम्ही हकलबेरी हे ॲप वापरलं. पाजणं, पंपिंग, झोप, डायपर सगळं लिहिता येतं आणि घरातले सगळे एकाच बाळाच्या नोंदीत लिहू शकतात. "शेवटचं कधी पाजलं?" म्हणून बायकोला ऑफिसात फोन करणं थांबलं, ही फार मोठी सोय झाली. पण फ्रिजमध्ये किती दूध आहे आणि त्यातलं आधी कुठलं वापरायचं, यासाठी गूगल फॉर्म बरा पडला. तीनच प्रश्न ठेवले होते : पिशवीचा क्रमांक, किती भरलं, किती उरलं. वेळ आपोआप नोंदली जाते. फॉर्मची खूण फोनच्या पहिल्याच पडद्यावर आणून ठेवा आणि फोनमधलं अक्षर मोठं करून द्या, सासूबाईंना जमेल. माझ्या आईला जमलं. खाली जी शीट तयार होते तिच्यात रंगाचा नियम लावा, म्हणजे फ्रिजमधल्या दुधाला तिसरा दिवस लागला की ती ओळ लाल होते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. नंतर आम्ही दुसरं एक ॲप घेतलं, त्यात दिवसाचं लक्ष्य दाखवणारी पट्टी होती. ती पट्टी भरावी म्हणून झोपेला आलेल्या मुलीच्या तोंडात मी शेवटचे २० मिली घालत राहायचो. ती तोंड फिरवायची, ओठ मिटून घ्यायची, मुठी सैल सोडून द्यायची, आणि माझं लक्ष पडद्याकडे असायचं. बायकोने एकदा ते पाहिलं आणि माझ्या हातातून फोन काढून घेतला. तुमच्या ॲपमध्ये अशी पट्टी किंवा "वेळ झाली" असा गजर असेल तर आधी बंद करा. आपल्याला नियोजन करायचंय ते बाटलीत किती भरायचं याचं. कधी आणि किती प्यायचं ते बाळ ठरवतं : हात तोंडाकडे नेतं, मान वळवून शोधतं. रडणं ही भुकेची उशिराची खूण आहे.

कापूसबोंड :

३० च्या पिशव्यांना +१. आणि निपल सर्वांत हळू प्रवाहाचं ठेवा. बाळाला जरा बसतं धरून, बाटली जवळजवळ आडवी धरून, मध्ये मध्ये थांबत पाजायचं. भराभर दूध आलं की पोट भरल्याचं कळायच्या आत जास्त जातं आणि मग खांद्यावर ओकारी होते. तेही दूध वायाच.

थंडकप्पा :

साठवणीबद्दल लिहिते, कारण फ्रिजमागची ती बिनतारखेची बाटली माझ्याही घरात होती.

क्यूआर स्टिकर छापून प्रत्येक पिशवीला लावून पाहिले. दोन आठवड्यांत बंद केले. फ्रीझरमध्ये कागदावर बर्फ धरतो, स्कॅन होत नाही, आणि रात्री तीनला एका हातात बाळ असताना कॅमेरा सुरू करायचं त्राण कुणात असतं? पाण्याने न पुसला जाणारा मार्कर घ्या. पिशवी भरायच्या आधीच तिच्यावर क्रमांक, काढल्याची तारीख-वेळ आणि मिली लिहा. तोच क्रमांक शीटमध्ये टाका.

मुदती अशा : नुकतं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिने उत्तम आणि बारा महिन्यांपर्यंत चालतं. गोठवलेलं दूध फ्रिजमध्ये पूर्ण वितळलं की तिथून २४ तास. पिशवी फ्रीझरमधून बाहेर काढल्यापासून मोजू नका, बर्फ संपल्यापासून मोजा. आम्ही सुरुवातीला चुकीचं मोजून चांगलं दूध फेकत होतो. गरम पाण्यात धरून कोमट केलं की मग मात्र दोनच तास. मायक्रोवेव्ह नकोच, दूध मध्येच कुठेतरी चटका बसण्याइतकं तापतं.

पिशव्या आडव्या, सपाट गोठवा आणि एका डब्यात पुस्तकांसारख्या उभ्या लावा. नवी मागे, जुनी पुढे. दारातल्या कप्प्यात दूध ठेवू नका, तिथलं तापमान सतत खालीवर होतं.

उपकरणांपैकी मला सर्वांत उपयोगी पडला तो फ्रिजमध्ये ठेवायचा साधा तापमापक, जो पारा चढला की फोनवर सूचना देतो. फ्रिज ४ अंशांच्या आसपास आणि फ्रीझर उणे १८ हवा. एकदा रात्री फ्रीझरचं दार किलकिलं राहिलं होतं. सूचना आली, आम्ही उठलो, पिशव्यांमध्ये अजून बर्फाचे कण होते. बर्फाचे कण असतील तोवर दूध परत गोठवता येतं. चाळीस पिशव्या वाचल्या. वीज गेली तर दार उघडून बघू नका. भरलेला फ्रीझर बंद राहिला तर ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास.

चमचामोज :

पावडर कालवणाऱ्या मशीनबद्दल. दिवसाला एखादीच बाटली असेल तर घेऊ नका.

आमच्याकडे होतं. पावडर पडायचं नरसाळं वाफेने ओलं झालं आणि पावडर चिकटून बसायला लागली. दूध दिसायला पांढरंच, पण पातळ होतं. दोन दिवस मुलगा पिऊन झाल्यावरही रडत होता आणि आम्हाला वाटलं, भूक वाढली. ते दोन दिवस आठवले की अजून पोटात कालवतं. पातळ दुधाने पोषण तर कमी पडतंच, पण फार पाणी गेलं तर लहान बाळाच्या रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. मशीन वापरायचंच असेल तर नरसाळं रोज धुऊन पूर्ण कोरडं करा आणि डबा बदलला की सेटिंगही बदला, कारण प्रत्येक पावडरीचं माप वेगळं असतं.

दुसरा मुद्दा पाण्याचा. पावडर निर्जंतुक नसते, तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचे जंतू असू शकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ च्या मार्गदर्शिकेत किमान ७० अंशांच्या पाण्यात पावडर कालवायला सांगितलंय. मशीनचं पाणी तेवढं गरम येतं का, हे स्वयंपाकाच्या थर्मामीटरने स्वतः बघा.

हाताने करताना आधी पाणी मोजून घ्यायचं, मग त्याच डब्यातला चमचा सपाट करून पावडर. मनगटावर थेंब टाकला तर कोमट लागेल इतकं निवू द्यायचं, मगच पाजायचं. इथे मुदती आईच्या दुधापेक्षा कडक आहेत : पाजायला सुरुवात केल्यापासून एक तास, मग उरलेलं ओतायचंच. म्हणून याचीही ६० ची लहान बाटली करा. डबा उघडल्यावर साधारण महिनाभरात संपवावा लागतो, तेव्हा सर्वांत लहान डबा घ्या आणि झाकणावर उघडल्याची तारीख लिहा.

पहाटजाग :

सगळ्यांचे मनापासून आभार. १५० चा आकडा डब्यावरच्या तक्त्यातूनच आला होता! वजनकाट्याचं कुणी सांगेल का? आणि एक नवीनच प्रश्न. काल तीन आठवड्यांपूर्वीची पिशवी वितळवली तर दुधाला साबणासारखा वास. बाळाने तोंडच लावलं नाही. खराब झालं का ते?

ओलीमाती :

मी स्तनपान समुपदेशक म्हणून काम करते.

वास आधी. दूध खराब झालेलं नाही. आईच्या दुधात लायपेज नावाचं विकर असतं, ते साठवणीतही चरबी फोडत राहतं आणि त्यातून असा वास येतो. असं दूध सुरक्षित असतं. बरीच बाळं ते पितात, काही अजिबात घेत नाहीत. तुमचं घेत नसेल तर आत्ताच कळलं हे फार चांगलं झालं, नाहीतर पूर्ण साठा पडून राहिला असता. यापुढे काढलेलं दूध गोठवण्याआधी भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवा, उकळी येऊ देऊ नका, लगेच थंड पाण्यात भांडं ठेवून निववा आणि मग गोठवा. वास आल्यानंतर तापवून उपयोग नाही. तापवल्याने दुधातले काही चांगले घटक कमी होतात, तेव्हा आधी एक-दोन पिशव्या काही दिवस गोठवून बघा, तुमच्या दुधाला किती दिवसांनी वास येतो ते. त्याआधी वापरता येत असेल तर तापवूच नका. जुन्या पिशव्याही टाकू नका, ताज्या दुधात थोड्या थोड्या मिसळून देऊन पाहा.

वजनकाटा : पाजण्याआधी आणि नंतर, तेच कपडे, तोच डायपर ठेवून वजन केलं तर फरकातून किती प्यायला ते कळतं. ग्रॅम आणि मिली जवळजवळ सारखेच धरा. पण त्यासाठी २ ग्रॅमपर्यंत अचूक काटा लागतो. घरगुती काटे अनेकदा १० ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवतात, त्यावर ६० मिलीचं पाजणं मोजून काही हाती लागत नाही, जिवाला घोर तेवढा लागतो. वजन नीट वाढतंय आणि दिवसाला सहा किंवा जास्त डायपर ओले होताहेत ना? मग काटा नको. डॉक्टरांकडे झालेलं वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढीच्या तक्त्यावर टाकत जा, तो आईच्या दुधावर वाढणाऱ्या मुलांवर बेतलेला आहे.

हल्ली काही आया चॅटबॉटला विचारून मिली ठरवतात. शीटमधले आकडे लावून घ्यायला, मधला आकडा काढायला त्याची मदत जरूर घ्या. पण बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, वजन अडलं असेल, तर आकडा डॉक्टरांकडूनच घ्यायचा.

पहाटजाग :

सात आठवड्यांनी लिहितेय. फॉर्म चालू आहे. मधला आकडा ९५ आला. आता ९० भरतो आणि दुपारी लागलीच तर ३० ची पिशवी. पहिल्या आठवड्यात ४३० मिली ओतलं होतं, गेल्या आठवड्यात ७०. सासूबाई फॉर्म माझ्याहून नेटाने भरतात आणि "उरलं" मध्ये शून्य लिहिलं की मला ऑफिसात तसा मेसेज करतात. दुधाला दहाव्या दिवशी वास येतो असं निघालं, म्हणून त्याच्या आत फिरवते, तापवावं लागलं नाही.

आता उलट झालंय. रोज थोडं जास्तच निघतं आणि फ्रीझर भरत आलाय. बाळ सहा महिन्यांचं झालं, मऊ शिजवलेलं दोन-तीन चमचे खायला लागलंय, म्हणजे दूध हळूहळू कमीच लागेल. जास्तीचं कुणाला देता येतं का?

ओलीमाती :

शून्याचा मेसेज वाचून फार बरं वाटलं. दूध लगेच कमी करू नका, बाळ वर्षाचं होईपर्यंत मुख्य आधार त्याचाच आहे.

जास्तीचं मातृदुग्धपेढीला देता येतं. तिथे आईच्या रक्ताच्या तपासण्या होतात, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात आणि मुख्यतः वेळेआधी जन्मलेल्या बाळांना देतात. आधी पेढीला फोन करा : किती दिवसांपर्यंतचं गोठवलेलं चालतं, कुठल्या भांड्यात हवं, तुमची चालू औषधं चालतात का. ओळखीच्या बाळाला परस्पर देऊ नका, तपासणी झालेली नसते. आणि फोन करण्याआधी शीटमधून पिशव्यांची तारीखवार यादी काढून ठेवा, ते पहिल्यांदा तीच मागतील.