मदत हवी आहे: स्प्लितमधला रोमन राजवाडा आई-बाबांना कसा दाखवावा?

नमस्कार मंडळी,

मी म्युनिकला असते. मे महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून येत आहेत आणि त्यातले चार दिवस क्रोएशियासाठी काढले आहेत. आईची काही खास मागणी नाही. बाबांची एकच आहे: डायोक्लेशियनचा राजवाडा. शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे हा सम्राट त्यांचा लाडका. १ मे ३०५ रोजी आपणहून गादी सोडली आणि समुद्राकाठी येऊन भाजीपाला लावत बसला. "परत सत्तेवर या" म्हणून गळ घातली तर म्हणे उत्तर दिलं, मी लावलेले कोबी बघितलेत तर असलं काही सुचवणार नाही. बाबा रिटायर झाल्यापासून ही गोष्ट आम्ही महिन्यातून एकदा तरी ऐकतो.

माझी अडचण जरा बावळट वाटेल. मला नकाशावर राजवाडाच सापडत नाहीये! पिन पडते ती एका चौकात. भोवती कॅफे, आइस्क्रीमची दुकानं, वर दोरीवर कुणाचे तरी कपडे वाळताहेत. मुख्य प्रवेशद्वार नाही, तिकीटखिडकी नाही. मग नक्की बघायचं काय? शिवाय बाबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर चालतात पण पायऱ्यांचा त्रास होतो. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. मुक्काम 'राजवाड्याच्या आत' घ्यावा का? तारखा ६ ते ९ मे, त्यात एक दिवस बसने दुब्रोव्हनिक. व्हिसा जर्मनीचा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) आहे, सिंगल एंट्री, म्हणजे एकदाच आत यायची मुभा.

जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.

उंबरठा:
बावळट अजिबात नाही, आम्हीही रिवावर (समुद्राकाठचा फिरायचा रस्ता) उभं राहून एका माणसाला "राजवाडा कुठाय?" असं विचारलं होतं. त्याने आमच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. त्या भिंतीत दुकानं होती.

राजवाडा शोधू नका, जुनं शहर म्हणजेच राजवाडा. साधारण २१५ मीटर लांब आणि १८० मीटर रुंद असा तटबंदीचा चौकोन. सातव्या शतकात जवळचं सालोना हे मोठं शहर आवार आणि स्लाव्ह टोळ्यांनी उद्ध्वस्त केलं, तेव्हा तिथले लोक या रिकाम्या वाड्यात आसऱ्याला आले आणि राहिले ते राहिलेच. खांबांच्या मधे भिंती घातल्या, दालनांत घरं केली, तटाला खिडक्या पाडल्या. तुम्हाला दिसलेले ते वाळत घातलेले कपडे त्याच वहिवाटीचे. आपला शनिवारवाडा आठवा आणि बरोबर उलटं करा. तिथे तट उरला आणि आत मोकळं. इथे आत इतकी गर्दी की तट दिसत नाही.

चार दरवाजे आहेत. उत्तरेला सोन्याचा, पूर्वेला चांदीचा, पश्चिमेला लोखंडी आणि दक्षिणेला समुद्राकडचा पितळी. नावं नंतरची आहेत, सोनं शोधत बसू नका. आत फिरायला पैसे नाहीत. कॅथेड्रल, त्याचा घंटामनोरा, ज्युपिटरचं देऊळ आणि तळघरं, यांना तिकीट.

पायी_पायी:
गुडघ्याचं सांगते, कारण माझ्या सासूबाई सोबत होत्या. बहुतेक जण रिवावरून पितळी दरवाजाने शिरतात. तुम्ही शिरू नका. तिथून तळघरातून जाऊन मोठा जिना चढल्यावर पेरिस्तिल, म्हणजे तो खांबांचा चौक, लागतो. त्याऐवजी चांदीच्या दरवाजाने या, सरळ चालत चौकात पोचाल. चौक भोवतालच्या रस्त्यापेक्षा तीन पायऱ्या खाली आहे, पण त्याच पायऱ्यांवर सगळे बसतात, तेव्हा बाबांना तिथेच बसवा. घंटामनोरा सोडून द्या. ५७ मीटर उंच, जिना अरुंद आणि खडा, उतरताना गुडघ्याची परीक्षा.

फरसबंदी झिजून काचेसारखी गुळगुळीत झालीय. पाऊस पडला तर चपला नकोतच, रबरी तळव्याचे बूट घ्या.

आणि आत मुक्काम करू नका! आम्ही केला. फोटोत दगडी भिंत फार सुरेख होती. प्रत्यक्षात तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि खिडकीखाली रात्री दीडपर्यंत गाणी. सासूबाई अजून बोलून दाखवतात. चांदीच्या दरवाजाबाहेर पझार नावाचा भाजीबाजार भरतो, त्या बाजूला खोली बघा. बसस्टँड आणि बंदरही तिथून चालत दहा मिनिटांवर.

उंबरठा:
तळघरं मात्र चुकवू नका हं, बाबांसाठी तर नाहीच. त्यासाठी खालून, रिवाच्या बाजूने वेगळे जा म्हणजे चढ नाही. जमीन समुद्राकडे उतरती होती, म्हणून खाली कमानींची दालनं बांधून वरची पातळी सारखी केली आणि त्यावर सम्राटाचा राहता भाग उठवला. वरचा भाग बहुतेक गेला. खालची दालनं वरच्यांच्याच आराखड्यावर असल्यामुळे त्याच्या खोल्या कुठे आणि केवढ्या होत्या ते खाली फिरून कळतं. ती टिकली का, तर वरच्या घरांनी शतकानुशतकं जमिनीला भोकं पाडून कचरा खाली टाकला आणि दालनं भरून गेली. विसाव्या शतकात उपसा झाला. कचऱ्याने राखलेला इतिहास! मधला दुकानांचा बोळ फुकट आहे, तिकीट त्याच्या दोन्ही बाजूंच्या दालनांना लागतं. पुष्कळ जण बोळातून जाऊन "तळघर पाहिलं" म्हणतात.

कैरीचं_पन्हं:
आईंसाठी: 'सोपार्निक' मागा. दोन पातळ पोळ्यांच्या मधे ब्लित्वा (पालकाच्या जातकुळीतली भाजी) आणि कांदा, वरून ऑलिव्ह तेल आणि लसूण. जवळच्या पोल्यित्सा भागातला पदार्थ. अंडं नाही, दूध नाही. नुसती ब्लित्वा बटाट्याबरोबर शिजवलेलीही मिळते, पण ती माशासोबत वाढायची पद्धत आहे, तेव्हा वेगळ्या ताटलीत सांगून घ्या.

दर्यावर्दी_७:
तारखा बघितल्या आणि उडालोच. ७ मे म्हणजे स्वेती दुये, शहराच्या रक्षक संताचा दिवस. मिरवणूक, रिवावर जत्रा, सगळं शहर रस्त्यावर. बाबांना यातली गोम सांगा. हा दुये म्हणजे सालोनाचा बिशप डॉम्नियस, डायोक्लेशियनने ख्रिश्चनांचा छळ मांडला तेव्हा ३०४ साली त्याला मारलं. आणि आजचं कॅथेड्रल म्हणजे डायोक्लेशियनने स्वतःसाठी बांधलेली समाधी! बाहेरून अष्टकोनी, आतून गोल. सम्राटाची शवपेटी नाहीशी झाली आणि ज्याला मारलं त्याची वेदी तिथे. इतिहासाच्या मास्तरांनी ७ तारीख चुकवणं म्हणजे पाप आहे.

पायी_पायी:
दर्यावर्दी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला जत्रेत घालणार? माझं मत, ७ ला दुब्रोव्हनिकला जा आणि ८ ला निवांत बघा.

दर्यावर्दी_७:
सकाळी लांबून मिरवणूक बघायची आणि परत फिरायचं. कॅथेड्रल आतून ८ ला. माझं मत कायम.

नकाशेवाला:
एक महत्त्वाचं, व्हिसाबद्दल. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे, म्हणून स्प्लितला अडचण नाही. पण दुब्रोव्हनिककडच्या जुन्या रस्त्यात नेउमपाशी बोस्नियाची किनारपट्टी मधे येते, आणि बोस्निया शेंगेनमध्ये नाही. सिंगल एंट्रीवर एकदा बाहेर पडलात की पुन्हा आत येताना पंचाईत. २०२२ मध्ये पेल्येशाचचा पूल झाल्यापासून क्रोएशियातूनच जाता येतं. तिकीट काढताना "बस पुलावरून जाते ना?" हे विचारूनच घ्या.

धागाकर्ती:
बापरे, नेउमचं माहीतच नव्हतं! नकाशेवाला, तुमचे उपकार. पुलावरून जाणाऱ्या बसची तिकिटं काढली, ८ तारखेची. खोली पझारच्या बाजूला तळमजल्यावर मिळाली. ७ तारखेचा वाद मी बाबांपुढे मांडला. त्यांनी दर्यावर्दींच्या बाजूने कौल दिला आणि आईने पायी_पायींच्या. निकाल: सकाळी मिरवणूक, दुपारी झोप, कॅथेड्रल ९ ला.

धागाकर्ती (परत आल्यावर):
कबूल केल्याप्रमाणे वृत्तांत. चांदीच्या दरवाजाने गेलो. बाबा पेरिस्तिलच्या पायरीवर दीड तास बसले. समोर इजिप्तहून आणलेला काळ्या ग्रॅनाइटचा स्फिंक्स, साडेतीन हजार वर्षांचा. डायोक्लेशियनलासुद्धा तो पुराणवस्तूच होता, हे त्यांनी शेजारच्या दोन जर्मन मुलींना माझ्यामार्फत समजावलं. मिरवणुकीत गर्दी होतीच, पण कडेला एका आजोबांनी स्वतःची घडीची खुर्ची बाबांना दिली. तळघरात ते एकटेच पुढे पुढे गेले, "ही जेवणाची खोली असणार" वगैरे सुरू होतं. कॅथेड्रलमध्ये बुविना नावाच्या कारागिराचा १२१४ सालचा लाकडी दरवाजा आईला सगळ्यात आवडला, अठ्ठावीस चौकटी एकेक करून बघितल्या. सोपार्निक दोनदा खाल्लं, आईच्या मते मीठ कमी.

निघायच्या दिवशी पझारवर कोबी दिसला. बाबांनी एक विकत घेतला. विमानात हातातल्या पिशवीतून म्युनिकला आला, काल त्याची भाजी केली.

कैरीचं_पन्हं:
हरभऱ्याची डाळ घातलीत ना?

धागाकर्ती:
घातली. फोटो आज रात्री टाकते.