झेनॉनला ‘इंधन’ म्हणायचं का? (शिवाय थ्रस्ट, प्लाझ्मा, डिस्चार्ज)

नमस्कार मंडळी. एका विद्यापीठातल्या प्लाझ्मा आणि इलेक्ट्रिक प्रोपल्शन लॅबची माहिती मराठीत लिहायचं काम अंगावर घेतलंय, तिथले संशोधक काय करतात, यानाची इंजिनं जमिनीवर कशी तपासतात वगैरे, वाचणार कॉलेजची पोरं. आणि दुसऱ्याच ओळीला गाडी अडली. प्रोपेलंटला (यान पुढे जावं म्हणून इंजिन जे मागे फेकतं ते) काय लिहू? बातम्यांत सरसकट ‘इंधन’ असतं, ‘यानात अमुक किलो झेनॉन इंधन’. पण झेनॉन पडला राजवायू, तो जळतोय कशाला! कोशातला ‘प्रणोदक’ टाकला तर पोरं पान उलटतील. थ्रस्ट (इंजिनाचा जोर), प्लाझ्मा (आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू), डिस्चार्ज (वायूतून वाहणारी वीज) हेही रांगेत उभे आहेतच. सुचवा काहीतरी.

-----

इंधन अजिबात नको. मुळात धातू इन्ध्, म्हणजे पेटणं, ‘समिधा’ पण त्यातलीच. रासायनिक रॉकेटमध्येसुद्धा इंधन आणि प्रोपेलंट एक नाहीत, तिथे द्रवरूप ऑक्सिजन प्रोपेलंट असतो पण त्याला कोणी इंधन म्हणत नाही, तो ज्वलनाला मदत करणारा. इलेक्ट्रिकमध्ये तर प्रश्नच मिटला, ऊर्जा येते सोलर पॅनेलकडून, झेनॉन फक्त मागे फेकायचा माल आहे. त्याचे अणू आयन (म्हणजे विद्युतभारित) करायचे, विद्युत क्षेत्रातून पळवायचे, आणि ते मागे गेले की यान पुढे. जो ऊर्जा देत नाही त्याला इंधन कसं म्हणणार?

-----

एवढं ताणू नका हो. ‘अणुइंधन’ चालतं ना आपल्याला? युरेनियम कुठे जळतो? शब्दाचा धातू बघून अर्थ ठरवायला लागलो तर अर्धी भाषा मोडीत काढावी लागेल. टाकीत भरतात, वापरलं की संपतं, संपलं की यान अडतं, म्हणून लोक इंधन म्हणतात आणि समजतातही.

-----

समजतात पण चुकीचं समजतात, हाच तर मुद्दा आहे. युरेनियममधून ऊर्जा निघते, म्हणून अणुइंधन हा अर्थविस्तार झाला, तो मान्य. झेनॉनमधून ऊर्जा निघत नाही, उलट आपणच त्याच्यात घालतो. ‘इंधन’ वाचलेला पोरगा हमखास विचारणार की झेनॉन कशाबरोबर जळतो, मग अर्धा तास त्यात जातो. बातमीत चालवून घेऊ, शिकवायच्या मजकुरात नको.

मी एका अनुवादात ‘झोतवायू’ केलं होतं. झेनॉन, क्रिप्टॉन, आरगॉन तिन्हींना बसतं आणि वाचताना अडत नाही.

-----

झोतवायू छान आहे पण टेफ्लॉनचं काय करणार? स्पंदित प्लाझ्मा थ्रस्टरमध्ये (थ्रस्टर म्हणजे यानाला ढकलणारं छोटं इंजिन) टेफ्लॉनची कांडी असते, तिच्या पृष्ठभागावर ठिणगी पाडून थोडा थोडा थर उडवतात, सोव्हिएत झोंड-२ यानावर १९६४ सालीच असले थ्रस्टर गेले होते. आयोडीनही आता वापरतात, ते टाकीत घन असतं, तापवलं की वाफ. म्हणून ‘झोतद्रव्य’ म्हणा, द्रव्यात सगळं आलं.

-----

झोतद्रव्य +१. पहिल्यांदा वापराल तिथे ‘म्हणजे प्रोपेलंट’ असं जोडा आणि पुढे बिनधास्त चालू द्या.

मात्र ‘प्रणोदक’, ‘प्रणोदन’ (म्हणजे प्रोपल्शन) यांना एवढं वाळीत टाकू नका, शब्द दिसतो तेवढा परका नाही. नुद् म्हणजे ढकलणं, लोटणं. वि लावला की विनोद (कंटाळा नाहीतर दुःख लांब ढकलणारा तो विनोद), प्र लावला की प्रणोद. म्हणजे विनोद आणि प्रणोदन सख्खी भावंडं निघाली, एक हसवतं, दुसरं परीक्षेत रडवतं. त्या प्र मुळेच न चा ण होतो, तेव्हा ‘प्रनोदन’ लिहू नये. इस्रोच्या लिक्विड प्रोपल्शन सिस्टिम्स सेंटरचं हिंदी नाव ‘द्रव नोदन प्रणाली केंद्र’ आहे बघा, तिथे प्र नाही म्हणून न तसाच राहिलाय.

-----

व्युत्पत्ती झकास, तरी शीर्षकात मी ‘इलेक्ट्रिक प्रोपल्शन’च ठेवीन. शोधणारा तेच टाइप करून शोधतो.

थ्रस्टला मात्र अस्सल मराठी शब्द पडलेला आहे, रेटा. आणि नुसता चालतो असं नाही, इलेक्ट्रिक थ्रस्टरला तो थ्रस्टपेक्षाही चपखल आहे असं माझं मत. आपण धक्का म्हणतो तो एकदाच बसतो आणि संपतो, रेटा म्हणजे कमी-जास्त जोराने पण सतत, सोडायचाच नाही असा. आकडे बघा, एसपीटी-१०० हा जुना जाणता हॉल थ्रस्टर, साधारण १३५० वॅट वीज खातो आणि रेटा देतो ८३ मिलिन्यूटन, म्हणजे तळहातावर साडेआठ ग्रॅम ठेवल्यावर जेवढं जाणवेल तेवढा. बस. पण तो हजारो तास देत राहतो. नासाच्या १९९८ च्या डीप स्पेस वन यानावर जे आयन इंजिन होतं त्याचं जादाचं भावंड जमिनीवर निर्वात टाकीत ३० हजार तासांपेक्षा जास्त चालवलं होतं. २००७ साली निघालेलं नासाचं डॉन यान असल्याच रेट्यावर २०११ मध्ये व्हेस्टा या लघुग्रहापाशी पोचलं, तिथे कक्षेत राहिलं, मग तिथून निघून २०१५ मध्ये सेरेस या बटुग्रहाच्या कक्षेत गेलं. हे काम धक्क्याचं नाही.

-----

रेटा आवडला, पण ‘विशिष्ट आवेग’ला (स्पेसिफिक इम्पल्स, झोतद्रव्य किती काटकसरीने वापरलं जातं त्याचं माप) काय करणार? आवेग म्हटलं की ‘रागाच्या आवेगात’ डोळ्यासमोर येतं. आणि तो सेकंदात का मोजतात ते मला अजून झेपलेलं नाही, आवेग आणि सेकंद?

-----

आवेग राहू द्या, पाठ्यपुस्तकात तोच आहे. सेकंदाचं असं की एकूण आवेगाला झोतद्रव्याच्या वजनाने भागतात, वस्तुमानाने नाही, वजनाने, त्यामुळे न्यूटन-सेकंदाला न्यूटनने भागलं की उरतात सेकंद. त्याला ९.८ ने गुणलं की झोताचा वेग मिळतो, मीटर प्रति सेकंद. वरच्या एसपीटी-१०० चा विशिष्ट आवेग साधारण १६०० सेकंद, म्हणजे झोत सेकंदाला पंधरा-सोळा किलोमीटरने बाहेर पडतो. रासायनिक इंजिनं साडेचारशेच्या आसपास दमतात. पोरांना झोताचा वेगच सांगा, सेकंद तळटीपेत टाका. लॅबमध्ये सगळे ‘आयएसपी’ (स्पेसिफिक इम्पल्सचं लघुरूप) म्हणतात, ‘विशिष्ट आवेग’ तोंडी आलेला मी तरी ऐकला नाही.

-----

लॅबवालाच आहे म्हणून डिस्चार्जबद्दल लिहितो, बाकी व्याकरण तुम्ही बघा. बाहेर डिस्चार्ज म्हणजे एकतर पेशंट घरी जातो नाहीतर मोबाईल मान टाकतो, दोन्हीकडे काहीतरी संपलेलं असतं, आमच्याकडे डिस्चार्ज ‘आहे’ म्हणजे थ्रस्टर जिवंत आहे. म्हणून ‘डिस्चार्ज झाला’ असं आम्ही बोलतच नाही, ‘डिस्चार्ज लागला’, ‘टिकला’, ‘विझला’ असं बोलतो. आधी कॅथोडचा हीटर चालू करायचा, आत लँथनम हेक्साबोराइडचा तुकडा असतो, तो पुरेसा तापून इलेक्ट्रॉन सोडायला लागेपर्यंत गप बसायचं, मग कॅथोड पेटवायचा, मग अॅनोडकडे झेनॉन सोडायचा आणि तीनशे व्होल्टपर्यंत न्यायचं. करंटचा काटा एकदम उडी मारतो आणि काचेतून निळसर कडं दिसतं की कोणीतरी ओरडतंच ‘पेटला!’. आता जळत काही नाही हे आम्हालाही माहीत आहे, तरी ‘पेटला’च म्हणतो, दिवा पेटतो तसा थ्रस्टर पेटतो (आणि ट्यूब तर डोक्यातही पेटते). वर इंधनावरून एवढी लढाई झाली म्हणून सांगितलं, पेटण्याला जळणं लागतंच असं नाही.

अजून एक, आम्ही ‘ब्रीदिंग मोड’ म्हणतो त्याला ‘श्वसन’ नका करू कृपया. थ्रस्टरच्या नळीतला उदासीन (अजून आयन न झालेला) वायू पटकन आयन होऊन संपतो, मग डिस्चार्ज मंदावतो, तेवढ्यात नवा वायू येऊन भरतो की पुन्हा उसळतो, असं सेकंदाला दहा-वीस हजार वेळा. ‘धाप’ म्हणा हवं तर. थ्रस्टरला धाप लागलीय, आमच्यातल्या कोणालाही कळेल.

-----

धाप! उचलला.

प्लाझ्माबद्दल. मराठी विश्वकोशात ‘आयनद्रायू’ आहे, द्रायू म्हणजे द्रव अधिक वायू, जे वाहतं ते. कल्पना सुरेख पण बोलताना कोणी वापरत नाही, त्यामुळे प्लाझ्माच लिहा, तो प्लाझ्मा, पुल्लिंगी. रक्तातल्या प्लाझ्माशी गोंधळ होईल म्हणाल तर तो गोंधळ जन्मापासूनचा आहे, अमेरिकन शास्त्रज्ञ लँगम्यूरने १९२८ मध्ये हे नाव दिलं तेव्हा त्याला रक्तातला प्लाझ्माच आठवला होता असं त्याच्या सहकाऱ्याने पुढे लिहून ठेवलंय, रक्तद्रव जसा पेशी वाहून नेतो तसं हे इलेक्ट्रॉन आणि आयन वाहून नेतं म्हणून.

पण ‘द्रायू’ फेकू नका, तुमच्या लॅबच्या माहितीत तो हवाच आहे. थ्रस्टरमधला प्लाझ्मा इतका विरळ की आयन एकमेकांना क्वचितच धडकतात, म्हणून त्याला नुसतं वाहणारं काहीतरी मानून गणित केलं तर फसतं. संगणकावर काहीजण द्रायू म्हणून सोडवतात, काहीजण कण कण मोजून, आणि बरेचजण इलेक्ट्रॉन द्रायू आणि आयन कण अशी खिचडी करतात. तिथे फ्लुइडला ‘द्रव’ लिहिलंत तर वाट लागेल, द्रव म्हणजे पाणी-तेल. द्रायूच पाहिजे.

-----

आणि आयन? आपलं ‘अयन’च ना ते, उत्तरायणातलं?

-----

शब्द फॅरडेने १८३४ मध्ये ग्रीकमधून घेतला, इंग्लिश पंडित व्ह्यूएलने सुचवला, अर्थ ‘जाणारा’. ग्रीक आणि संस्कृत धातू मुळात एकाच घरचे, म्हणून अयनशी दूरचं नातं आहे. पण संस्कृतातून गेला असं कृपया फॉरवर्ड करू नका.

हॉल थ्रस्टरमधला ‘हॉल’ मात्र माणसाचं नाव आहे, एडविन हॉल, ज्याने १८७९ मध्ये हॉल परिणाम दाखवला. ‘सभागृह प्रणोदक’ असं यंत्रानुवादात मी डोळ्यांनी पाहिलंय.

-----

सर्वांचे आभार. असा परिच्छेद जमलाय, बघा:

‘या लॅबमधले संशोधक यानाला रेटा देणारे थ्रस्टर बनवतात आणि तपासतात. त्यांत काही जळत नाही. झेनॉनसारखं झोतद्रव्य (म्हणजे प्रोपेलंट) विजेच्या जोरावर प्लाझ्मा केलं जातं आणि त्यातले आयन प्रचंड वेगाने मागे फेकले जातात. अवकाशासारखी स्थिती हवी म्हणून चाचणी पूर्ण निर्वात टाकीत होते. थ्रस्टर एका लोलकावर बसवतात आणि लोलक किती सरकला त्यावरून रेटा मोजतात.’

-----

‘पूर्ण’ काढा. थ्रस्टर चालू असताना आपणच आत वायू ओततोय, पंप कितीही ओढोत, वातावरणाच्या दाबाचा काही कोट्यंश दाब उरतोच. तो उरलेला वायू थ्रस्टर परत गिळतो आणि रेटा अवकाशात मिळेल त्यापेक्षा थोडा जास्त दिसतो, हा हिशोब लावण्यात आमच्यातल्या दोघा-तिघांची पीएचडी चाललीय. ‘जवळजवळ निर्वात’ लिहा. बाकी लोलक वगैरे बरोबर.