शब्द बदलला आणि मत वळलं: तुमचे अनुभव सांगा

राजकारणातल्या एखाद्या प्रश्नावर आपलं मत नेमकं कुठल्या शब्दापाशी वळलं, हे क्वचितच ध्यानात येतं. ज्यांना तो शब्द सापडला, त्यांनी इथे लिहावं. पक्षांची नावं नकोत.

*

मतचाचणीच्या कामाला मी दारोदार फिरत होते. एका बाईंनी दार अर्धंच उघडलं, हात कडीवरच. "सरकारने फुकट वाटपावर आणखी खर्च करावा का?" "मुळीच नाही!" पाच प्रश्नांनंतर विचारलं, "गरजू कुटुंबांना आणखी मदत द्यावी का?" "द्यायलाच हवी, नाहीतर सरकार कशाला?" दोन्ही वेळा त्या मनापासून बोलत होत्या. आमच्या वरिष्ठांनी अहवालात फक्त पहिलं उत्तर घेतलं. ते मला अजून डाचतं.

*

ट्वर्स्की आणि कानेमान या मानसशास्त्रज्ञांचा १९८१ सालचा प्रयोग वर्गात करून पाहिला. साथीत ६०० जण दगावणार आहेत. निम्म्या कागदांवर 'या उपायाने २०० नक्की वाचतील', उरलेल्यांवर 'या उपायाने ४०० नक्की मरतील'. गोष्ट एकच. दुसरा पर्याय जोखमीचा: सगळे वाचण्याची शक्यता एक तृतीयांश, नाहीतर कोणीच नाही. मूळ प्रयोगात पहिल्या गटातल्या ७२ टक्क्यांनी खात्रीचा उपाय घेतला, दुसऱ्या गटातल्या फक्त २२ टक्क्यांनी. माझ्या वर्गात एकाच बाकावरचे दोघे तावातावाने भांडत होते. कागद अदलाबदल करायला लावले, तर त्यातली एक मुलगी तास संपेपर्यंत बोललीच नाही.

*

मी बातम्या तपासतो. मराठीत कर्ता गाळणं फार सोपं: 'लाठीमार झाला', 'घरं पाडली गेली'. मी समासात पेन्सिलीने 'कोणी?' एवढंच लिहितो. एकदा त्याचं उत्तर बातमीत छापून आलं, आणि वाचकांच्या पत्रांचा सूरच पालटला.

*

ब्रिटनच्या २०१६ च्या सार्वमतासाठी आधी 'युरोपीय संघात राहावं का?' असा हो-नाहीचा प्रश्न होता. निवडणूक आयोगाच्या सल्ल्यावरून 'राहावं' आणि 'बाहेर पडावं' असे दोन पर्याय आले. हा दाखला देऊन मी आमच्या संघटनेच्या मतदानातला प्रश्न बदलून घेतला.

*

शब्दांना सगळं श्रेय देऊ नका. 'कामगार कायद्यात लवचिकता' हे मलाही बरं वाटायचं. लवचिक म्हणजे चांगलंच की. मग पत्र माझ्याच हातात पडलं. घरी मी 'लवचिकता' म्हटलं नाही. "काढून टाकलं" म्हणून सांगितलं.